नाचणीचं जुनं बी परड्यात जपा



रोहिणी लागल्या. केळघर घाटाच्या अंगाला दुपारचे ढग अडायला लागले आहेत. आता पंधरा दिवसांत तरवे टाकायची गडबड उडेल. भाताचा तरवा, भाताचं बी, भाताचं खत याबद्दल मेढ्याच्या बाजारात मला रोज कोणीतरी अडवून विचारतं. नाचणीबद्दल विचारणारे मात्र दरवर्षी कमी होत चालले आहेत. म्हणून आज न विचारता सांगते.

जावळीच्या डोंगरउताराला एके काळी नाचणी, वरी, कारळा, तीळ अशी पिकं पाळीपाळीनं फिरत असत. ती वरकस रानं आता बरीचशी पडून आहेत. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. घरातली कर्ती माणसं मुंबईला माथाडीत नाहीतर कंपनीत. गावात म्हातारी माणसं आणि सुना. त्यात रानडुकरं आणि गवे. रात्रभर राखण कोण करणार? आणि सकाळी पंचनाम्यासाठी कोणाच्या मागे फिरणार? डोंगरातलं रान पुन्हा कसा असा सल्ला मी तुम्हाला ऑफिसच्या खुर्चीत बसून देणार नाही.

पण रान सुटलं म्हणून बीसुद्धा सुटावं, असं काही नाही. बी जपायला रान लागत नाही, घरामागचं परडं पुरतं. आजचं सांगणं एवढंच आहे.

हे मला पुस्तकात मिळालं नाही. मी कृषी पदविकेची विद्यार्थिनी. पदविकेत आम्हाला सुधारित वाण शिकवले, ते योग्यच होतं. २०१६ साली मी नोकरीत नवी होते. केळघरच्या बाजूच्या एका वाडीत मी सुधारित नाचणीचं बी वाटलं आणि सभेत ठासून सांगितलं, की जुनं मिसळीचं बी टाकून द्या, उतारा वाढेल. उतारा वाढलाही. दोन वर्षांत सगळ्या वाडीनं जुनं बी सोडलं. मी माझ्या अहवालात ते आनंदानं लिहिलं.

मग २०१९ चा ऑक्टोबर आला. दसरा गेला, दिवाळी आली, तरी पाऊस हटेना. उभ्या नाचणीत कणसं भिजून काळी पडली, कित्येक कणसांत दाण्याला मोड आले. मी दिलेल्या वाणाची कणसं मिटलेल्या मुठीसारखी, घट्ट. त्यात पाणी शिरलं की लवकर सुकत नाही. वाडीतलं जुनं बी होतं ते उघड्या बोटांचं, फताड्या कणसाचं. त्यातून पाणी निथळून जातं, वारा खेळतो. दाणा कमी, पण पावसात टिकणारा. वाणाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष वाणाचा नव्हता. निचऱ्याच्या उघड्या माळावर तो आजही उत्तम येतो. चूक जागा न बघता शिफारस करणारीची होती, म्हणजे माझी.

मग मी तेच जुनं बी शोधत घरोघर हिंडले. कुणाकडेच नव्हतं. शेवटच्या घरी एक आजी दारात बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर हसल्या.

"तुमीच म्हनला हुता न्हवं, जुनं बी टाका म्हून?"

"हो आजी, म्हणाले होते. टाकलंत का सगळं?"

"रानातलं टाकलं. पर मोरीच्या कडंला धा-बारा ठोंब लावत्ये मी दर साली. आमच्या म्हाताऱ्याला त्याच नाचन्याची भाकर लागायची. आता पितराला ठिवायला नगं का?"

मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या दहा-बारा ठोंबांनी त्या वाडीचं बी वाचवलं. शिंकाळ्यातल्या गाडग्यातून त्यांनी मला एक मूठ दिली. वर अट घातली, की काढणीला दोन मुठी परत आणून द्यायच्या.

आता त्या मुठीचा हिशेब करा. नाचणीचा दाणा बारीक. हजार दाण्यांचं वजन जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. मूठभर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम बियात पंधरा-वीस हजार दाणे येतात. रोपलावणीसाठी हेक्टरी ४ ते ५ किलो बी लागतं, म्हणजे गुंठ्याला ४० ते ५० ग्रॅम. एक मूठ बी म्हणजे एक गुंठा नाचणी! आणि एका गुंठ्यात बरी निगा राखली तर १५ किलोच्या आसपास दाणा निघतो. हेक्टरी पंधरा क्विंटल धरूनच हे सांगते आहे, फुगवून नाही. त्या पंधरा किलोत पुढच्या वर्षी सबंध वाडीचं बियाणं भागतं.

दुसरी सोयीची गोष्ट म्हणजे नाचणी स्वतःच्याच परागानं फळते. शेजारच्या वाणाशी तिची सरमिसळ फार थोडी होते. बियाण्याच्या प्लॉटलासुद्धा दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरेसं धरतात. तेव्हा घराच्या एका बाजूला हळवी आणि दुसऱ्या बाजूला गरवी असं लावलं तरी बी शुद्ध राहतं. बाजरीचं तसं नाही. बाजरीचा पराग वाऱ्यावर जातो, तिला दोनशे मीटर आणि त्याहून जास्त अंतर लागतं. परड्यात बाजरी हौसेनं लावा, कणसं भाजून खा, पण तिचं बी शुद्ध राहील अशी आशा धरू नका.

तरवा आणि लावण

गुंठाभर लावणीसाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे दोन गादीवाफे पुरतात. राब भाजायची गरज नाही. चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं आणि वाफा वीतभर उंच ठेवावा, म्हणजे मृगाच्या झडीत पाणी साचणार नाही. बी आधी पाण्यात टाकून वर तरंगणारं पोचट बी काढून टाकावे. खाली राहिलेले सावलीत सुकवावे. नंतर किलोला ५ ग्रॅम या हिशेबानं ट्रायकोडर्मा चोळावे, म्हणजे मुठीला चिमूटभर. बारीक बी हातातून दाट पडतं. म्हणून त्यात चार-पाच पट कोरडी वाळू मिसळून बोटभर अंतराच्या ओळीत टाकावे आणि अर्ध्या पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नये. फेकून पेराल तर गवत कोणतं नि नाचणी कोणती हे कळणार नाही. रान नाचणीचं रोप हुबेहूब नाचणीसारखं दिसतं, जुनी जाणती बाईसुद्धा फसते. ओळीबाहेर उगवलं ते उपटायचं, एवढा नियम सोपा.

तीन आठवड्यांनी, फार तर पंचविसाव्या दिवशी, चार-पाच पानांचं रोप लावणीला येतं. दोन ओळींत सव्वादोन वीत नव्हे, साडेबावीस सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे साधारण एक वीत. हे मुद्दाम सांगते, कारण एका गावात माझं बोलणं असंच ऐकलं गेलं आणि परड्यात बैल चालेल एवढ्या सऱ्या पडल्या! दोन ठोंबांत दहा ते पंधरा सेंटिमीटर आणि एका जागी दोन रोपं.

खताचा हात आखडता ठेवावा. रानासाठी शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी आहे. पण परड्यातली माती रानासारखी नसते. तिथे वर्षानुवर्षं राख, शेण, खरकटं पडलेलं असतं. गुंठ्याला तीन-चार पाट्या शेणखत टाकून थांबावे. पान पिवळं पडलं तरच महिन्याच्या आत अर्धा-पाऊण किलो युरिया दोन वेळा विभागून द्यावा. जास्त नत्रानं नाचणी कमरेएवढी माजते, पहिल्या वाऱ्याला लोळते आणि करपा बोलावून आणते. करपा म्हणजे पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी नि कडेला तपकिरी ठिपके. तोच पुढे कणसाच्या मानेवर आला की मान काळी पडते आणि वरचा दाणा पोचट राहतो. तसं कणीस बियाण्याला धरू नका, बाकीच्यांत मिसळूही नका.

मोरीचं पाणी पावसाळ्यात वाफ्यात सोडू नका. पावसानं लांब ओढ दिली तरच सोडा. साबणसोड्याचं पाणी असेल तर नकोच. भांगलण दोन वेळा, पहिली लावणीनंतर वीस दिवसांनी, दुसरी गौरी-गणपतीच्या आधी. कणीस चिकात आलं की चिमण्या येतात. परड्यात त्याचा त्रास रानापेक्षा जास्त, कारण घराच्या वळचणीलाच त्यांची वस्ती. बियाण्यासाठी निवडलेल्या वीस-पंचवीस कणसांना जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या पातळ कापडाच्या पिशव्या सैल बांधाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नये, आत घाम धरून बुरशी येते.

नाचणी एकदम पिकत नाही. मधलं मोठं कणीस आधी, फुटव्यांची नंतर. बियाण्याला मधलीच घ्यावीत, तीसुद्धा वाफ्याच्या आतल्या ठोंबांची. कडेच्या ठोंबाला जागा जास्त मिळते म्हणून ते कणीस मोठं दिसतं, त्यावर भुलू नये. बियाण्याची कणसं ढिगात दडपून ठेवू नयेत, उन्हात पसरावीत. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला म्हणजे सुकला समजावे. मग गाडग्यात किंवा सुक्या भोपळ्यात, चाळलेली राख मिसळून. नीट सुकवलेली नाचणी कीड फारशी धरत नाही, वर्षानुवर्षं टिकते. तरी बियाणं म्हणून दर दोन वर्षांनी ते एकदा मातीत जावं.

वरी आणि राळा

नाचणीला कांडप नाही, सरळ जात्यात जाते. वरीला आणि राळ्याला टरफल असतं, ते उखळात कांडावं लागतं. ही दोन पिकं मागं पडली, त्याचं मोठं कारण बायांचे दुखणारे खांदे आहेत असं माझं मत आहे. आता टरफल काढायची छोटी यंत्रं निघाली आहेत. बचत गटानं एक घेतलं तर दोन-तीन गावांचं भागेल.

वरी तर दर एकादशीला लागतेच. कोल्हापूरच्या शेंडा पार्कातील संशोधन केंद्राच्या एका वरीच्या वाणाचं नावच 'फुले एकादशी' आहे. नाचणीतले 'फुले नाचणी' आणि 'फुले कासारी' हे वाणही तिथलेच. रानात ते जरूर घ्या, परड्यात जुनं ठेवा, दोन्हीला जागा आहे. गेल्या काही वर्षांत नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ओलसर जागी राहिलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी धरते, तिचं ते विष. घरची वरी सुकवून ठेवावी आणि लागेल तेवढीच त्या दिवशी दळावी.

राळ्याची गोष्ट आणखी नाजूक. भोगीला राळ्याचा भात करायची आपल्याकडे रीत. आता मूठभर राळे बाजारातून पुडीत आणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पुडीतले राळे सडलेले, म्हणजे टरफल काढलेले असतात, ते उगवत नाहीत. ज्याच्याकडे टरफलासकट राळा असेल त्यानं यंदा चार ओळी लावाव्यात. अडीच-तीन महिन्यांत काढणीला येतो.

कडेचं गवत

आता थोडं गमतीचं. नाचणी-बाजरी म्हणजे गरिबाचं धान्य, ते घरापुढे कशाला, असं काहींना वाटतं. अमेरिकेत लोक बाजरी फुलबागेत लावतात! 'पर्पल मॅजेस्टी' नावाची काळपट जांभळ्या पानांची बाजरी आहे. २००३ साली तिला तिथल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं, तेही केवळ शोभेसाठी. आपली जांभळ्या पेराची नाचणी भाद्रपदात कणसावर आली की त्या बाजरीपेक्षा कमी दिसत नाही. पाचगणी-महाबळेश्वराकडे बंगल्यांच्या बागा सांभाळणारे माळी आपल्याच गावांतून जातात. त्यांनी मालकाला एकदा नाचणीचा ताटवा करून दाखवावा.

त्या बंगल्यांतून हौसेनं आणलेलं परदेशी शोभेचं गवत मात्र गावात आणू नका. पांढऱ्या तुऱ्याचं पम्पास गवत आणि गुलाबी झुपक्यांचं फाउंटन गवत या दोन्हींनी परदेशात रानंच्या रानं व्यापली आहेत. फाउंटन गवताला युरोपीय संघानं २०१७ साली उपद्रवी वनस्पतींच्या यादीत घातलं. त्याचं बी वाऱ्यावर उडतं, आणि आपल्या डोक्यावर कासचं पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालेल्या त्या पठारावर असलं बी उडून गेलं, तर ते कोण उपटत बसणार?

शोभा हवी तर आपलं गवत काय कमी आहे? परड्याच्या उताराच्या कडेला वाळा लावा. पहिल्या पावसात जुन्या ठोंबाचे फुटवे सोडवून, पानं वीतभर ठेवून, दहा-पंधरा सेंटिमीटरवर एक अशी सलग ओळ लावायची. मुळं सरळ खाली जातात, शेजारच्या पिकाला त्रास देत नाहीत, आणि लागवडीचा वाळा बियानं पसरत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत दाट कुंपण होतं आणि त्याच्यामागे माती अडते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतात मृदसंधारणासाठी याच वाळ्याचा पुरस्कार केला. आपल्याकडे वाळ्याची जुडी माठात टाकायची रीत त्याच्या आधीची. दर पावसाळ्यात गुडघ्याखाली छाटला की तो हिरवागार राहतो. त्याच्या आत, घराजवळ, गवती चहा. हातभर अंतरानं ठोंब लावावेत. तीन-चार वर्षांनी गड्डा मधून वाळायला लागतो, तेव्हा उकरून, फोडून पुन्हा लावावा. आणि ओलीच्या कोपऱ्यात दोन झाडं कसईची. तिचे चकचकीत राखी मणी निसर्गानंच भोक पाडून दिलेले असतात. पोरींना माळेला सुई लागत नाही, नुसता दोरा ओवायचा.

ग्रामपंचायतीला विनंती

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. काही नोंदवह्या मी चाळल्या. पिकांच्या रकान्यात 'नाचणी' एवढा एकच शब्द. हळवी की गरवी, उघड्या बोटांची की मुठीची, कुणाच्या घरी बी आहे, काही नाही. हा रकाना एका पावसाळ्यात भरून निघेल. त्यासाठी गावातल्या साठीपुढच्या बायकांना ग्रामपंचायतीत न बोलावता त्यांच्या दारात जावं लागेल, इतकंच.

शेतकऱ्याचं जुनं वाण त्याच्या किंवा गावाच्या नावानं नोंदवता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात ती सोय आहे आणि शेतकऱ्याला त्यासाठी फी नाही. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. घरात जुनं बी जमवत त्यांनी बियाण्याची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची सुरुवातही परसबागेतूनच झाली.

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. बॅनर लागले, नाचणीचे लाडू वाटले. २०२५-२६ च्या खरिपाला नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये जाहीर झाला. तो चांगलाच आहे, पण आपली नाचणी बहुतेक घरीच खाल्ली जाते. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तांदळात दहासुद्धा नसतं. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या परसबागेत पालक-मेथीच्या जोडीला एक वाफा नाचणीचा ठेवला, तर पोरांना पेज जशी कळेल तसं रोपही कळेल.

त्या आजींच्या दोन मुठी मी २०२० च्या दिवाळीत परत केल्या. त्यांनी त्या गाडग्यात ओतल्या आणि त्यातलीच एक मूठ शेजारच्या सुनेला दिली, अट तीच. यंदा ते बी वाडीतल्या सात घरांत आहे. तुमच्या घरात जुनं बी नसेल तर तरवा टाकायला अजून दहा-बारा दिवस आहेत. कणगीच्या मागं, शिंकाळ्यात, आड्याला टांगलेल्या भोपळ्यात बघा. तिथं नसेल तर शेजारच्या वाडीत विचारा, आणि घेतलंत तर काढणीला दोन मुठी परत द्यायच्या आहेत हे लक्षात ठेवा.